कुपनाचा पैसा आणि बलुत्याचे दाणे

जुन्या नोटा जमवणे हा रिकामटेकड्यांचा छंद आहे, असे चळवळीतल्या अनेकांना वाटते. आम्हालाही वाटत होते. लष्करी कुपनांचा इतिहास वाचला आणि मत बदलले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 पासून, ब्रिटिश आणि अमेरिकन लष्कराने परदेशातल्या आपल्या सैनिकांसाठी वेगळा कागदी पैसा काढला. तो छावणीतल्या कॅन्टीन, मेस, क्लबातच चालायचा. काळाबाजार रोखणे हा हेतू. अमेरिकन लष्कर तर अचानक एका दिवसात जुनी कुपने बाद करून नवी द्यायचे. बाहेरच्यांनी साठवलेल्यांची रद्दी व्हायची. आज हीच रद्दी संग्राहक मोठ्या हौसेने विकत घेतात.

मालक सांगेल तिथेच चालणारा मोबदला आपल्याला नवा आहे काय? बलुते दुसरे काय होते? राबायचे वर्षभर आणि मिळायचे दाणे, तेही गावाची मर्जी असेल तर. म्हणूनच बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडलेल्या वतन विधेयकात बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करण्याची तरतूद होती. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञाला रोख पैशाची ताकद ठाऊक होती.

फौजेची नोकरी म्हणजे हाच रोख पगार. भरतीची दारे बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये अर्ज लिहिला तो याचसाठी. 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे ही दीर्घ लढाई आहे.

कोणी म्हणेल, कुपनही बंधनच आणि बलुतेही बंधनच, मग फरक काय? फरक आहे. परत निघालेल्या सैनिकाला कुपने देऊन खरे चलन घेता यायचे. बलुतेदाराला बदलून घ्यायला खिडकीच नव्हती.

मित्रांनो, संग्राहकांच्या यादीत कुपनाची किंमत असते, ते ज्याच्या खिशात होते त्याचे नाव नसते. ते नाव आपण लिहायचे. वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, आर्वीच्या वस्त्यांत ज्या घरातून कोणी फौजेत गेले, तिथल्या जुन्या ट्रंका उघडा. कुपन, पगारपुस्तक, पेन्शनचा कागद, जे सापडेल त्याचा फोटो काढा. आजीला विचारा, पहिल्या पगारातून घरात काय आले? उत्तर तारखेसह लिहून ठेवा. रद्दीवाला येण्याआधी आपण पोहोचलो पाहिजे.

जय भीम!