भूर्ज आणि बेर्योझा

हिमालयांतील ज्या वृक्षाच्या सालीवर काश्मीरच्या पंडितांनीं पोथ्या लिहिल्या, त्या भूर्जाचे भाऊबंद रशियाच्या अरण्यांतहि उभे आहेत. जात किंचित् निराळी. पण साल तशीच पांढुरकी, पदर सुटणारी. विशेष हें कीं, नांवहि मुळांत एकच आहे. रशियन मनुष्य या झाडाला 'बेर्योझा' म्हणतो. बल्गेरियन व स्लोव्हेन 'ब्रेझा', पोल 'ब्झोझा', चेक 'ब्र्झीझा'. या सर्वांच्या मागें प्राचीन स्लाव्ह भाषेंतील 'बेर्झा' हा शब्द असला पाहिजे, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात.

'असला पाहिजे' म्हणण्याचें कारण, स्लाव्ह लोकांस लिपि मिळाली ती ९ व्या शतकांत; हा शब्द त्याहून पुष्कळ जुना. म्हणून छापतांना त्याच्या आधीं तारकाचिन्ह घालतात. तरी श्रोत्यांनीं यास निव्वळ कल्पना समजूं नये. मूळच्या 'एर'चें रशियनमध्यें 'एरे' होतें, दक्षिणेकडे 'रे'. नदीकांठ या अर्थाचा शब्दच पाहा: रशियन 'बेरेग', स्लोव्हेन 'ब्रेग'. नियम तोच.

लिथुएनियन 'बेर्झस', जर्मन 'बिर्के', इंग्रजी 'बर्च' आणि संस्कृत 'भूर्ज' हीं सगळीं एकाच घराण्यांतील नांवें. त्यांचें मूळ बहुतेक विद्वान् 'चकाकणें' या अर्थाच्या धातूंत शोधतात. संस्कृतांतील 'भ्राज्' हा त्याचाच आप्त. इटलींत मात्र मौज झाली. तेथें बर्च विरळा. तेव्हां लॅटिनमधील 'फ्राक्सिनुस' हा त्याच कुळांतला शब्द ॲश नांवाच्या भलत्याच वृक्षाला जाऊन चिकटला. झाड डोळ्यांसमोर राहिलें तेथें नांवाचा अर्थहि टिकला.

बीच वृक्षाचें स्लाव्ह नांव 'बुक' हें मात्र जर्मानिक भाषांकडून उसनें घेतलेलें. यावरून स्लाव्हांची मूळभूमि बीचच्या रानांपलीकडे, पूर्वेस होती, असें कांहींनीं ठरविलें. एका उसन्या शब्दावर एवढी इमारत रचणें धाडसाचेंच होय. वृक्षांच्या सीमा बदलतात, आणि घरचा शब्द टाकून लोक शेजाऱ्याचा उचलतात.

बर्चच्या बाबतींत पुरावा हातांत धरतां येतो. १९५१ सालीं रशियांतील नोव्हगोरोद येथें उत्खननांत बर्चच्या सालीवर कोरलेलें पहिलें पत्र सांपडलें. आजवर तेथें अशीं हजारांहून अधिक पत्रें निघालीं आहेत. त्यांत हिशेब आहेत, उधारीचे तगादे आहेत, आणि १३ व्या शतकांतील ओन्फिम नांवाच्या मुलाचा अभ्यासहि आहे. एका तुकड्यावर त्यानें वर्णमालेचीं पहिलीं अक्षरें काढलीं. मग अभ्यास सोडून, शत्रूला भाल्यानें भोसकणारा घोडेस्वार काढला आणि त्याच्या शेजारीं स्वतःचें नांव घातलें.