मेडिकलच्या विद्यार्थ्यांची मान-पाठदुखी : स्ट्रेचिंगचा उपयोग किती?

तुमचा मुलगा किंवा मुलगी नांदेडला विष्णुपुरीच्या वैद्यकीय महाविद्यालयात, लातूरला किंवा नर्सिंग-फिजिओथेरपीला शिकत असेल, तर फोनवर "मान आखडली आहे" हे तुम्ही ऐकले असेलच. बरेचदा हे दुखणे कॉलेजच्याही आधीचे असते. 'लातूर पॅटर्न'च्या क्लासमध्ये नीटसाठी वाकून काढलेली दोन वर्षे मानेने मोजलेली असतात.

डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. ते पुस्तकावर किंवा मोबाइलवर झुकले, की मानेच्या मागच्या स्नायूंना ते तासन्‌तास तोलून धरावे लागते. त्यात परीक्षेचा ताण आला की खांदे नकळत वर चढतात आणि श्वास उथळ होतो. दुखण्याने झोप मोडते आणि झोप मोडली की तेच दुखणे जास्त जाणवते.

स्ट्रेचिंगने स्नायू लगेच 'लांब' होत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत ताण सहन करण्याची क्षमता वाढते, म्हणून हालचाल मोकळी वाटते. सोबत सावकाश श्वास सोडल्याने मनही थोडे शांत होते.

मानेसाठी ताठ बसा, उजव्या हाताने खुर्चीची कड धरा आणि डोके डावीकडे झुकवा. हाताने ओढू नका. मग दुसरी बाजू करा. छातीसाठी दाराच्या चौकटीला दोन्ही कोपर टेकवून एक पाऊल पुढे टाका. वॉर्डात उभे राहून मांडीची मागची बाजू आखडली असेल, तर टाच बुटक्या स्टुलावर ठेवून पाठ सरळ ठेवत कमरेतून पुढे झुका. प्रत्येक ताण 20 ते 30 सेकंद, दोन-तीन वेळा. झटके नकोत. ताण जाणवावा, दुखू नये.

एवढ्यावर भागत नाही, हेही सांगायला हवे. अर्ध्या तासाने जागेवरून उठणे आणि पाठीचे स्नायू बळकट करणे तितकेच महत्त्वाचे आहे. सलग ड्यूटीचा थकवा कोणत्याही व्यायामाने भरून निघत नाही.

हाताला मुंग्या येणे, पकड सैल होणे, ताप किंवा वजन घटणे, रात्री जाग आणणारे दुखणे असेल, तर डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मेडिकलची मुले स्वतःच गोळी घेऊन वेळ मारून नेतात, म्हणून हे घरच्यांनीच विचारावे.

आणि फोनवर बोलणेच कमी झाले, अभ्यास नकोसा किंवा जगणे नकोसे वाटते असे शब्द आले, तर व्यायाम सुचवू नका. भेटायला जा. टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.