बहुवर्गीय पात्ररचना

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या कल्पनारम्य भूमिकाखेळात एकाच पात्राच्या पातळ्या दोन किंवा अधिक वर्गांत विभागण्याची पद्धत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्यासाठी जुन्या-नव्या दोन्ही वर्गांच्या मुख्य गुणांत किमान १३ अंक लागतात.

पॅलाडिन आणि सॉर्सरर ही गाजलेली जोडी. पॅलाडिनला दुसऱ्या पातळीवर 'डिव्हाइन स्माइट' मिळतो: तलवारीचा वार लागला की मंत्राचा एक स्लॉट खर्चून जास्तीचे नुकसान करता येते. स्लॉटांची रसद सॉर्सरर पुरवतो. सुरुवात मात्र पॅलाडिनपासूनच करावी. नंतर त्या वर्गात शिरणाऱ्याला जड चिलखताचे प्रावीण्य मिळत नाही.

किंमतही मोजावी लागते. निव्वळ पॅलाडिन पाचव्या पातळीला दुसरा वार मिळवतो, तेव्हा दोन-तीन अशी विभागणी केलेला खेळाडू एकाच वारावर असतो.