तंबाखूच्या पानापासून

विषाणूशास्त्रात नव्याने येणाऱ्याला बहुधा रोगांच्या दारातून आत नेतात: देवी, पोलिओ, रेबीज, कोविड. मला तंबाखूचे पान अधिक जवळचे वाटते, कारण विषाणूची घडण माणसाला प्रथम तिथेच उलगडली.

१८९२ साली दिमित्री इवानोव्स्की यांनी मोझॅक रोग झालेल्या पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी त्या रसाने निरोगी रोपे आजारी पडली. १८९८ मध्ये डेल्फ्टच्या मार्टिनुस बायरिंक यांनी दाखवले की हे साधे विष नव्हे. ते वाढते, पण केवळ जिवंत पेशींत. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तर त्याचे स्फटिक मिळवले. मग हा सजीव की निर्जीव? हा वाद रंजक खरा, पण नवशिक्याने तो जरा बाजूला ठेवावा आणि आधी रचना पाहावी, असे मला वाटते.

हा विषाणू म्हणजे ३०० नॅनोमीटर लांब, १८ नॅनोमीटर जाड दांडी. आत सुमारे ६,४०० न्यूक्लिओटाइडांचा आरएनएचा एकच धागा, भोवती प्रथिनांचे कवच. एका अमिनो आम्लासाठी तीन न्यूक्लिओटाइडे लागतात. म्हणजे या धाग्यात जेमतेम २,१०० अमिनो आम्लांची माहिती मावते. कवचात मात्र ती तीन लाखांहून जास्त आहेत! हे जमते कसे? धाग्यात कवचासाठी १५८ अमिनो आम्लांच्या एकाच प्रथिनाची माहिती असते आणि त्याच्या २,१३० प्रती गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे रचल्या जातात. हा हिशेब वाचकाने स्वतः कागदावर करून पाहावा. या शास्त्राची खरी गोडी मला तरी तिथे लागली.

रचायलाही कोणी लागत नाही. १९५५ मध्ये फ्रेंकेल-कॉनरॅट आणि विल्यम्स यांनी आरएनए व प्रथिन वेगवेगळे करून पुन्हा मिसळले, तेव्हा दांड्या आपोआप जुळल्या आणि रोग पसरवू लागल्या. प्रथिन घडवण्यासाठी मात्र विषाणूला पेशीच हवी, कारण त्याच्याजवळ स्वतःचे रायबोसोम नाहीत.

पोलिओचा विषाणू गोलसर, वीस त्रिकोणी बाजूंचा. काटकसर तीच, चार प्रथिनांचा संच साठ वेळा. इन्फ्लुएन्झा व कोरोना विषाणूंच्या कवचाबाहेर पेशीकडून घेतलेले स्निग्ध पटलही असते. साबणाने ते पटल विस्कटते आणि विषाणू निकामी होतो. पोलिओला असे पटल नाही. साबणाने तो हातावरून धुतला जातो, पण सहसा निकामी होत नाही.