किती इंची पाते?

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात वाहने, इंजिने आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात, हे आपल्याला ठाऊक असते. हे जड भाग दूरवर पाठवायचे तर लाकडी पेट्या लागतात, आणि पेट्यांसाठी गोल करवत. जुन्या करवतीला पाते बसवताना कारागीर प्रथम विचारतो, ‘किती इंची?’ या साध्या प्रश्नामागे जवळजवळ अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

गोल करवतीचे एक जुने पेटंट इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांनी १७७७ साली घेतले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत मार्क ब्रुनेल यांनी जहाजांच्या कप्प्या बनवणारी यंत्रे उभारली. त्यांतही गोल करवती होत्या. वाफेच्या एका इंजिनाने लांब दांडा फिरे आणि त्यावरून पट्ट्याने एकेक यंत्र चाले. करवतीचा वेग हवा तसा ठेवायचा तर पट्ट्याच्या चाकांचे व्यास बदलत.

विजेची मोटर आल्यावर हे स्वातंत्र्य आटले. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. त्यामुळे दोन ध्रुवांची मोटर भाराखाली मिनिटाला सुमारे २८८० फेरे घेते. पाते थेट मोटरच्या दांड्यावर असेल, तर दाताचा वेग फक्त व्यासावर ठरतो. गणित सोपे आहे: परीघ गुणिले दर सेकंदाचे फेरे. इथे सेकंदाला ४८ फेरे होतात. ३०० मिलीमीटरच्या पात्याचा दात सेकंदाला ४५ मीटर धावतो, ४००च्या पात्याचा ६० मीटर आणि ५००च्या पात्याचा ७५ मीटर. साठ मीटर म्हणजे ताशी २१६ किलोमीटर!

मग मोठे पाते लावले तर काम भराभर होईल, असे वाटेल. पण फिरत्या चकतीतला ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४००ऐवजी ५०० मिलीमीटरचे पाते लावले, की वेग सव्वापट होतो आणि ताण दीडपटीहून अधिक. म्हणून पात्यावर कोरलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा आधी वाचायची. अमेरिकेत वारंवारता ६० हर्ट्झ. तिथे ३४५० फेऱ्यांनी चालणारे यंत्र इथे साधारण २८७५ फेऱ्यांवर येते. तरीही वेग भरून काढण्यासाठी संरक्षक झाकणात न मावणारे पाते बसवणे हा उपाय नव्हे.

दुसरी अडचण भोकाची. आपला हा पट्टा मापे बदलण्याच्या काळातच वाढला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. वजनमापांचा दशमान कायदा १९५६चा, त्याची अंमलबजावणी १९५८पासून टप्प्याटप्प्याने झाली, आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले १९६२ साली. त्यामुळे दांडा एक इंची, म्हणजे २५.४ मिलीमीटरचा, आणि नव्या पात्याचे भोक ३० मिलीमीटरचे, अशी गाठ पडू शकते. ते तसेच बसवले तर पाते मध्यापासून २.३ मिलीमीटरपर्यंत सरकते आणि थरथरते. नेमक्या मापाचे बुश घातल्याशिवाय ते चालवू नये.

तिसरा बदल दातांचा. टंगस्टन कार्बाइडचे कठीण मिश्रण जर्मनीत १९२०च्या दशकात तयार झाले. क्रुप कंपनीने ते ‘विडिया’ या नावाने विकले. जर्मन भाषेतील ‘हिऱ्यासारखे’ या शब्दांवरून ते नाव आले, आणि आपल्या कारखान्यांत कार्बाइडला आजही विडियाच म्हणतात. हे दात पात्याच्या पत्र्याहून रुंद असतात. पात्यामागे एक उभी पट्टी असते. चिरलेले लाकूड मिटून पात्याला आवळू नये आणि उसळून कामगाराच्या अंगावर येऊ नये, हे तिचे काम. ही पट्टी पत्र्याहून जाड, पण दातांनी पाडलेल्या फटीहून पातळ हवी. नव्या पात्यासोबत जुनी पट्टी तपासावी लागते ती यासाठी.

रुंद खाच पाडण्यासाठी दोन पात्यांमध्ये जादा दातांच्या चकत्या घालून जाड संच बसवतात. खाच उथळ आणि संच जड, म्हणून त्याचा व्यास नेहमीच्या पात्याहून लहान ठेवतात: दहा इंची करवतीला सहसा आठ इंची. संच चढवल्यावर नटाचे सगळे आटे दांड्यावर बसले पाहिजेत. न बसले तर तो दांडा या कामाचा नाही. खाच आरपार नसल्याने मागची उभी पट्टी काढावी लागते. म्हणून काम संपताच ती परत लावायची.

हे सारे नियम बोटे गमावून शिकलेले आहेत. ब्रिटनमध्ये लाकूडकामाच्या यंत्रांसाठी १९२२ साली खास नियम झाले. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्यातील एकविसावे कलम यंत्रांना कुंपण घालण्याविषयीच होते.

वर्गात यासाठी करवत नको. शाळेच्या पाण्याच्या पंपावरील पाटी मुलांना वाचायला सांगावी. तिथे २८८० किंवा १४४०च्या जवळपासचा आकडा असेल. ३०००चा किंवा १५००चा पुरा आकडा का नाही, हे त्यांना विचारावे. प्रवर्तन मोटरचा धडा तिथूनच सुरू करता येईल.