शाफ्टला धरून ठेवणारी गळती

डोंबिवलीतल्या टॉवरच्या वरच्या मजल्यावर पाणी चढवायचं, तर एकाच शाफ्टवर अनेक इम्पेलर लागतात. या कल्पनेचं ऑस्बोर्न रेनॉल्ड्सचं पेटंट १८७५चं! किर्लोस्करवाडीत साधा सेंट्रीफ्युगल पंप बनला तो १९२६मध्ये.

गोम अशी, की इम्पेलरच्या पाठीवर दाब जास्त, तोंडाशी कमी. म्हणून प्रत्येक जण शाफ्टला सक्शनकडे ढकलतो. दहा इम्पेलर, दहांचा रेटा. बेअरिंगची वाट लागते. कुणी निम्मे इम्पेलर उलटे बसवले. मला मात्र बॅलन्स डिस्क भारी वाटते. डिलिव्हरीच्या टोकाला एक चकती, तिला पंपाचंच पाणी उलट दिशेने रेटतं. शाफ्ट सक्शनकडे सरकला की फट कमी होते, दाब वाढतो, शाफ्ट मागे येतो. फटीतून गळणारं पाणी नळीने सक्शनला परत. फुकट जातंय म्हणून कुणी ती नळी बंद केली, तर चकती घासून पंपच बसतो.