पालथ्या बशीवरची नावे

चहाची बशी आपण सरळ धरतो. ती पालथी घालून पाहण्याची आपल्याला सवय नाही. पण व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एखादी विलायती बशी हाती आली, तर ती अवश्य पालथी घालावी. त्या काळच्या व्यापाराची हकीकत तिच्या बुडावर छापलेली असते.

ही भांडी मुख्यतः इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात होत. टनस्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही सहा गावे चिनी मातीच्या धंद्यावर जगत. माल कारखान्यात होई. पण लंडनात किंवा समुद्रापार तो खपविण्यात घाऊक व्यापाऱ्यांचा मोठा हात असे. अशा काही पेढ्या भांड्यांवर आपले नाव छापून घेत. डेव्हनपोर्ट कारखान्याच्या भांड्यांवर न्यू ऑर्लीन्सच्या हेंडरसन अँड गेन्स या आयातदार पेढीचे नाव आढळते. काही भांड्यांवर तर एकट्या व्यापाऱ्याचेच नाव असते. यातील मतलब उघड आहे. गिऱ्हाइकाला कारखाना ठाऊक झाला, तर ते मधल्या पेढीकडे कशाला येईल?

व्यापारी आयते खात होता, असे मी म्हणणार नाही. उधारी, प्रवासातील फूटतूट, पडून राहिलेला माल, ही जोखीम त्याच्या शिरावर असे. कायदाही नक्षीच्या आणि नावाच्या पाठीशी उभा राहिला. १८४२ ते १८८३ या काळात नोंदलेल्या नक्षीवर शंकरपाळ्याच्या आकाराचा शिक्का असे. त्यातील अक्षरांवरून आणि आकड्यांवरून नोंदणीचा दिवस कळतो. १८७५ च्या कायद्यान्वये व्यापारचिन्हांची सरकारी नोंदवही १ जानेवारी १८७६ रोजी उघडली.

आता घडविणाऱ्याकडे वळू. रंगकाम करणाऱ्याचा एखादा आकडा किंवा ठिपका बुडाच्या कोपऱ्यात सापडतो. तो गौरवासाठी नव्हे. नगावारी मजुरीचा हिशेब ठेवण्यासाठी. घडणाऱ्या कारागिराला भट्टीतून शाबूत निघालेल्या नगाचेच पैसे देण्याचा तेथे रिवाज होता. भट्टी लावणारे दुसरेच. भांडे आगीत तडकले, की मजुरी बुडाली घडणाऱ्याची! नाकारलेला मालही पुढे विकला जातो, अशी कामगारांची तक्रार असे. या रिवाजाविरुद्ध आणि वर्षभर बांधून घालणाऱ्या कराराविरुद्ध नोव्हेंबर १८३६ पासून जानेवारी १८३७ पर्यंत मोठा संप झाला. तो मोडला, रिवाज पुढेही चालू राहिला.

हे ऐकताना गिरणगाव आठवल्यावाचून राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांतही बिघडलेले कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापली जाई. मग दोष सुताचा असो की यंत्राचा.

तेव्हा जुन्या बाजारात अशी बशी मिळाली, तर ठळक नाव वाचाच. मालाची हमी त्या नावाने दिलेली होती. पण शेजारचा बारीक आकडाही शोधा. एका माणसाची दिवसाची मजुरी त्यावर मोजली गेली होती.